हेडफोनच्या गाद्या

ए ओम, ती भजी आत्ताच संपव. मागनं घशाखाली उतरायची न्हाईत. दिशा, तू दात काढू नकोस, तुझाबी नंबर येणार हाय.

नेऱ्याचा किशोर, माझ्या चांगल्या वळखीतला. हळदी-लग्नाची गाणी रेकॉर्ड करतो. गेल्या पौषातली अमावस्या, रात्रीचे दहा. सकाळी त्याच्या चंद्राआत्याच्या गळ्याचं आपरेशन. डाक्तर म्हनला हुता, आवाज जाणार. म्हणून तिची धार काढतानाची ओवी त्याच राती धरून ठेवायची हुती.

किशोरनं नवा ऑडिओ इंटरफेस आणलेला. म्हंजे माइकचा आवाज कंप्युटरात घालणारा डबा. दुकानदाराचं डोकं खाऊन महागातला निवडला, तरी आवाजात घूंऽऽऽ! दुकानदार म्हनला, "डबा बेस हाय. तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई." मग त्याच दुपारी किशोरनं गोठ्यामागं खड्डा घेतला. माती मऊ, आत मिठाचे खडे आयतेच! अर्थिंगला मीठ लागतंच. बेणं खूश. सळई ठोकली, तिथनं डब्याला तार आणली.

घूं बंद! आत्या गायला लागली, "काळे माझे बाय, सोड पान्हा..." किशोरनं हेडफोन चढवले.

करप... करप...

कुणीतरी चघळत हुतं. सावकाश. मग ढेकर. वर आलेलं परत चावणं...

"आत्या, काय खातीयास?"

"मुडद्या, दात कुटं हायेत मला?"

त्यानं चार्जर उपसला. मेन स्विच पाडला. लॅपटॉप बॅटरीवर.

करप... करप...

आंबलेल्या कडब्याचा वास. कानात काहीतरी उतरलं. कोमट. चिकट. लाळ.

"आत्या... गोठ्यामागं काय पुरलंय?"

"माझी म्हस. मीठ घालून पुरली की. माझ्या ओवीबिगर पान्हा सोडत न्हवती बिचारी."

त्यानं तार तोडली.

करप...

हेडफोन भिरकावून द्यावं, तर आवाज नीट येतोय का कळणार कसं? आन् उद्या आवाजच न्हाई. किशोरनं तोंडात आलेली वांती गिळली. पुरी ओवी ऐकली. मानेवरनं लाळ वघळत हुती...

आता आत्या मुकी हाय. ओवी मातर लख्ख आलीय. ना घूं, ना करप. हेडफोन त्यानं फिनेलनं पुसले, उन्हात टाकले. तरी रोज सकाळी त्यांच्या कानावरच्या गाद्यांवर हिरवा चोथा. चावलेला.

खोटं वाटतंय? ह्या पिशवीत हायेत. आजच माझ्या गळ्यात मारून गेला. ए ओम, पळतोस कुटं? घाल की हात...

अजून कोमट हाय.