आतून पुसलेली काच

अमेरिकेतल्या आयसेलिनची थंडी सांगून कळायची नाही. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाड्यांवर सकाळी असा बर्फ धरतो, की जणू कुणी काचांवर चुन्याचा हात मारून गेलंय. तो खरवडल्याशिवाय गाडी काही हलत नाही. गिरीशला कामावर लवकर निघावं लागायचं, म्हणून त्याचे वडील, निवृत्तीअप्पा, उजाडायच्या आत खाली उतरायचे. कानाला मफलर, हातात प्लॅस्टिकचा स्क्रेपर. कुणी सांगितलेलं नव्हतं. उलट सून रेणू म्हणायची, अप्पा, लोक बघतात, म्हाताऱ्याला राबवतात म्हणतील. अप्पा हसायचे. गावाकडं गोठा झाडत होतो, इथं गोठा नाही तर गाडी झाडतो, म्हणायचे.

खरं कारण वेगळं होतं. ते काम गिरीशच्या हाती जाऊ नये, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

झालं होतं असं. मागल्या हिवाळ्यात अप्पा आणि सुलभाबाई दोघंही लेकाकडं आले होते. एका पहाटे सुलभाबाईंच्या छातीत कळ आली. रेणूनं छातीला निलगिरीचं तेल चोळलं आणि अँब्युलन्ससाठी फोन उचलला. गिरीशनं तो तिच्या हातातून काढून घेतला. अँब्युलन्सच्या बिलाला व्हिजिटर इन्शुरन्सवाले हात वर करतात, हॉस्पिटल इथंच तर आहे, आपणच ड्राइव्ह करून नेऊ, म्हणाला. बाईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, अप्पा मागं बसले. आणि समोर काचेवर बर्फाचा हा थर! घाईघाईत गिरीशनं केटलीभर उकळतं पाणी काचेवर ओतलं. ते बघता बघता थिजलं, आणि काच होती त्याहून आंधळी झाली. मग तो खरवडत राहिला.

आत सुलभाबाईंना वाटलं, वाफ धरलीय. गावाकडं वडापच्या, सीटा भरून नेणाऱ्या जीपमध्ये त्या पुढं बसल्या, की पावसाळ्यात ड्रायव्हरला दिसावं म्हणून आतून काच पुसायच्या. तशाच पुसत राहिल्या, उघड्या पंजानं. हातातल्या बांगड्या काचेवर किणकिणत होत्या. मागं बसून अप्पा ते ऐकत होते. काच साफ झाली तेव्हा ती किणकिण थांबून बराच वेळ झाला होता.

त्या पहाटेबद्दल घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. अस्थी घेऊन अप्पा गावी गेले, पण रिकाम्या घराला दार लावून किती दिवस बसायचं? थंडीच्या तोंडावर लेकानं परत बोलावलं, ते आले. गाडी तीच होती.

पहिल्याच कडक थंडीत अप्पांना ते दिसलं. सगळी काच पांढरीफटक, फक्त पुढच्या सीटसमोर पंजाएवढी जागा स्वच्छ. आतून ऊब लागावी आणि बाहेरचा बर्फ सुटावा, तशी. तिच्याखाली एक बारीक, चंद्रकोरीसारखी रेघ. पंजा टेकला की बांगडी जिथं घासते, तिथं. गाडीला कुलूप. दाराच्या फटीशी निलगिरीचा वास.

अप्पा घाबरले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. "आलीस होय," एवढंच हळू म्हणायचे, आणि सगळ्यात आधी तेवढी जागा खरवडून आजूबाजूच्या काचेत मिसळून टाकायचे. पोराच्या नजरेला पडली तर ते कोसळेल, ही धास्ती.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी गिरीश अंगात जॅकेटही न घालता खाली आला. अप्पांचा हात नुकता त्या जागेवर टेकला होता.

"अप्पा, बास करा आता."

"काय रे?"

"हा पंजा. मी रोज संध्याकाळी आतून पुसतो, आणि सकाळी तुम्ही तो परत उमटवता. वर खरवडायचं नाटक. एकदा तोंडानं म्हणून टाका ना... तू मारलीस तिला, म्हणा."

अप्पांनी हात काचेवरून काढला. म्हणजे सगळा हिवाळा बाप लेकाला जपत होता, आणि लेकाला वाटत होतं, बाप रोज सकाळी डागणी देतोय.

"मला गाडीचं दार तरी उघडता येतं का, पोरा?"

त्या रात्री गिरीशनं गाडीच्या दोन्ही किल्ल्या उशाखाली घेतल्या, आणि पहाटे स्वतः अप्पांना हाक मारली. चला, आता बघू, म्हणाला. आवाजात असा कडवटपणा, जसा कोर्टात भावकी बोलते.

पार्किंगमधल्या दिव्याखाली गाडी पांढरी, मुकी उभी होती. पंजा होता. गिरीशनं अप्पांकडं रोखून पाहिलं, खिशातल्या किल्ल्या चाचपल्या... आणि तेवढ्यात ती स्वच्छ जागा आतून धुरकट झाली. कुणी काचेला तोंड लावून श्वास सोडावा, तशी. मग आतून पुसली गेली. पुन्हा धुरकट झाली. पुन्हा पुसली गेली. बारीक किणकिण येत होती.

गिरीशनं अप्पांची बाही धरली. लहानपणी जत्रेत धरायचा, तशी.

"अप्पा... ती काय करतेय?"

"तिला अजून वाटतंय, आतून पुसलं की निघता येईल."

"मग सांगा ना तिला... थांबव म्हणावं."

"आधी तू काहीतरी बोल तिच्याशी."

गिरीशनं मान दुसरीकडं वळवली. सगळ्या हिवाळ्यात अप्पांना तेव्हाच काय तो राग आला. मग त्यांनी काचेशी वाकून, झोपेतल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "सुलभा, दमू नकोस गं. बर्फ आत नाही... बाहेर आहे. बाहेरून पुसावा लागतो."

किणकिण थांबली. एकदम.

त्या आठवड्यात गिरीशनं गाडी विकून टाकली. नवी घेतली, घरात बसून बटण दाबलं की काच आपली आपण तापते अशी. स्क्रेपर कचऱ्यात गेला. बापलेकांत जेवढ्यास तेवढं बोलणं उरलं. अप्पांना सकाळी काही काम राहिलं नाही, म्हणून ते चहा करायला लागले.

थंडी सरता सरता एक शेवटचा कडाका आला. रेणू लवकर कामावर गेली होती. अप्पा कप घेऊन गिरीशला उठवायला गेले, तर खोलीत निलगिरीचा वास. गिरीश खिडकीकडं तोंड करून गाढ झोपलेला. खिडकीची काच पांढरी, आणि मधोमध पंजाएवढी जागा स्वच्छ. खाली बांगडीची कोर.

अप्पांनी कप ठेवला आणि काचेवरून नख ओढून पाहिलं. आतून काच कोरडी होती, गुळगुळीत. नखाला काही लागलं नाही; बर्फ बाहेरून होता.

घर तिसऱ्या मजल्यावर. बाहेर पाय टेकवायला साधा कठडाही नाही.

ती स्वच्छ जागा त्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, मोठी होत होती.