परेशची बस

दिवाळीच्या आधी जूचंद्रच्या शाळेच्या हॉलमध्ये मी जमिनीवर जवळजवळ आडवी होऊन रांगोळी भरत होते. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "छत्री उलटी झालीय."

"पाऊस कुठाय?" मी मान वर न करता म्हटलं.

"रांगोळीतल्या उपग्रहाची म्हणतोय. ती पृथ्वीकडे हवी. तुमची चंद्राकडे बघतेय."

आता मात्र मी वर पाहिलं. उंच, चष्मा, आणि चपला हातात. रांगोळीच्या हॉलमध्ये चपला घालून फिरायचं नाही, हे पाहुण्यांना दहादा सांगावं लागतं. याला कुणी सांगितलं नव्हतं. माझा अर्धा राग तिथेच उतरला.

"बघू दे की! चंद्र काय वाईट दिसतो?"

"मग टीव्ही नाही लागणार."

"तुम्ही केबलवाले?"

"नाही… मी बसमध्ये आहे."

"एसटीत?"

तो इतका हसला, की निळा रंग उडू नये म्हणून मी हात आडवा धरला.

तो जवळच्या आचोळ्याचा परेश, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला. बंगळुरूच्या एका कंपनीत उपग्रह बनवायचा. उपग्रहाचा खालचा सांगाडा, म्हणजे इंधनाची टाकी, बॅटरी, सौर पंख, याला ते लोक बस म्हणतात. तो ठरलेल्या नमुन्याचा असतो. वर टीव्हीचं सामान चढवायचं की इंटरनेटचं, ते गिऱ्हाईक सांगतं.

"म्हणजे ठिपके तेच, रांगोळी वेगळी," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हे आमच्या साहेबांना सुचायला हवं होतं."

मी छत्री पृथ्वीकडे वळवली. त्याच्यासमोर नाही, तो गेल्यावर.

मग तो रोजच यायला लागला. कधी रांगोळी बघायला, कधी उगाच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी खाडीच्या बांधावर चालता चालता थांबला. "खुशी… बंगळुरूला येशील? म्हणजे — लग्न करून."

मला आनंद झाला, आणि भीतीही वाटली. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी, दोघंच. शिवाय माझ्या हातून एक घोटाळा झाला होता. रोज येणारा तो मुलगा काय करतो, असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी थट्टेत "बसमध्ये आहे" म्हटलं होतं. त्यावर त्यांचा चेहरा असा खुलला, "बरा झाला, पोरगी जवल राहील," की पुढचं माझ्या तोंडातून फुटेना.

"बघू," मी परेशला म्हटलं.

"बघू म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे आधी बाबांना भेट."

तो आला. बाबांनी पाणी दिलं आणि कौतुकाने विचारलं, "कंचा डेपो तुमचा? नालासोपारा?"

परेशने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. तो हो म्हणाला असता तर वेळ निभावली असती.

"काका, माझी बस आकाशात जाते," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. बंगळुरूसकट.

बाबांनी विचारलं, "ती वर गेली का परत येते?"

"नाही काका. तिथेच राहते."

"मंग माजी पोरगी?"

मला रडू येत होतं, तरी परेशच्या आधी मीच बोलले. "बाबा, आपल्या पत्र्यावरची टीव्हीची छत्री लावल्यापासून कधी फिरवलीत?"

"नाय. कशाला फिरवू?"

"वरची बस जागा सोडत नाही म्हणून. धावत असते, पण आपल्या घरातून बघाल तर तिथल्या तिथेच. मी पण तशीच, बाबा. मला परेश आवडतो. तुम्हाला सोडायचंही नाहीये."

बाबांनी डोळे पुसले, मग उगाचच पत्र्याकडे बघून घेतलं. "दर दिवालीला रांगोली हितंच घालायची."

"हितंच," परेश घाईने म्हणाला.

"आनि ती बस चालवतो कोन?"

"जमिनीवरूनच चालवतात, काका."

"म्हंजे डायवर खालीच. मंग बरा हाय," बाबा म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

परेश माझ्याकडे वळला. "बघू म्हणजे काय, ते अजून सांगितलं नाहीस."

"हो," मी म्हटलं. "बघू म्हणजे हो."