पाट्यावर झिजलेले ब्रेक

मेइर पहिल्यांदा गॅरेजात आला तो थांबायलाच आला होता; त्याच्या मोटारसायकलला मात्र ते मान्य नव्हतं. ती दारातून आत शिरली, बादलीला वळसा घालून गेली आणि टायरांच्या ढिगात नाक खुपसून विसावली.

"ब्रेक जरा… बघता?" ढिगातून आवाज आला.

"आहेत का?" गॅरेजवाल्याची मुलगी बत्या म्हणाली.

ही गोष्ट इस्राएलमधल्या नेतिवोतची, अठ्ठ्याहत्तर सालची. वडिलांचे गुडघे गेल्यापासून गॅरेजात वाकायचं काम बत्याचं आणि सल्ला द्यायचं काम त्यांचं. तिने नवे पॅड बसवले आणि बजावलं, "नुसता कामावर जात असशील, तर दोन मिलिमीटर उरेपर्यंत चालव. धावपट्टीवर शर्यत खेळत असशील, तर अर्धा झिजला की बदल. तिथे पॅड भयंकर तापतो. पातळ असला की उष्णता आतल्या तेलाला लागते, तेल उकळतं, मग लिव्हर दाबून काही होत नाही."

"काहीच नाही?"

"होतं की. गाडी जाते, मागोमाग तू जातोस."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली, आणि बत्याच्या हातातला पाना उगाचच खाली पडला…

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. दर वेळी पॅड झिजलेले. गुरुवारी दुपारी बत्या आरशात बघून कपाळावरचं ग्रीस पुसायची, आणि पुसून झाल्यावर थोडं परत लावायची. फार तयार दिसायला नको.

एका गुरुवारी तिने पॅड काढला, आणि नाकाशी नेला. लसूण. मिरची. ओलं खोबरं.

"मेइर, हा कशावर घासलास?"

"लो, लो… नाही, घासला कुठे? झिजला."

"रस्त्यावर लसूण असतो?"

"आईचा पाटा," तो बुटांकडे बघत म्हणाला. "भारत सोडताना अलिबागहून आणलेला. पण उलट्या बाजूने हां. सुलट्या बाजूला चटणी असते."

"पण का?"

"पॅड चांगले असले तर इथे यायला… काय सांगू?"

बत्याच्या कानशिलांना ऊब आली. त्याच क्षणी तिने हातातल्या पॅडकडे पाहिलं. बिस्किटापेक्षा पातळ. आणि त्याची धावपट्टीवरची शर्यत उद्या सकाळी. नवे पॅड तेल अविवहून रविवारी येणार होते.

"उद्या तू जायचं नाहीस."

"सगळे वाट बघतायत, बत्या. वर्षभर…"

"मग जा. पण हे पॅड रस्त्याने नाही खाल्ले, माझ्या नावाने झिजलेत. उद्या तुला काही झालं तर मी काय करू, तेवढं सांगून जा."

तो गाडी ढकलत निघून गेला.

शुक्रवारी सकाळी धावपट्टीकडून इंजिनांचा आवाज येत होता. बत्या शब्बाथच्या, विसाव्याच्या दिवसाच्या जेवणासाठी तांदूळ निवडत बसली. एक इंजिन मध्येच गप्प झालं, तशी तिने खडे ताटात ठेवले आणि तांदूळ अंगणात फेकले. कोंबड्यांनी तक्रार केली नाही.

दुपारी फाटक वाजलं. मेइर. पायी. हातात लाल झेंडा.

"आज मी झेंडा दाखवला," तो म्हणाला. "छान दाखवतो म्हणाले."

त्याच्या मागून त्याची आई, मलकाबाई, धापा टाकत आली.

"पोरी, हा शर्यत सोडेल तर गोड पोह्यांचा मलिदा करीन असा एलियाहू हन्नबीला नवस होता माझा. देवाचं नाव, तुझं काम. उद्या संध्याकाळी शब्बाथ उतरला की घरी यायचं, बाबांना घेऊन." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाटा उलटा सापडला, तेव्हाच म्हटलं पोरगी आहे कुठेतरी. बाप्याचं पोर आपणहून पाट्याला हात लावतं होय?"

मेइर झेंडा गुंडाळायला लागला. झेंडा आधीच गुंडाळलेला होता.

"रविवारी पॅड येतील ना… मग येऊ?"

"ये," बत्या म्हणाली. "सोमवारीही ये. पॅड नवे असताना."

"आणि कारण काय सांगू?"

"मी विचारणार नाही."

"पाटा मात्र," मलकाबाई म्हणाल्या, "आजपासून माझ्या पलंगाखाली."