बाविसांची पंगत

बारामतीच्या शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, मी भंगारवाल्यांकडे जाऊ लागले. आमच्या भागात नवे बंगले उठत होते आणि जुन्या घरांतल्या तैलचित्रांना त्यांच्या भिंतींवर जागा नव्हती. फोटो फ्लेक्सवर छापून मिळायला लागल्यावर हाताने रंगवलेला आजा कुणाला हवा?

यातली बरीचशी चित्रं एकाच हातची होती. इंदापुरात अप्पा पेंटरांचं दुकान होतं. लहानपणी मी तिथे तासन्‌तास बसले आहे, ब्रश धरायला तिथेच शिकले. माणूस गेला की घरचे मिळेल तो फोटो घेऊन यायचे, लग्नाच्या गर्दीतला नाहीतर ओळखपत्रावरचा. अप्पा त्यावरून चेहरा तेवढा घ्यायचे. बाकीचं अंग त्यांच्याकडे तयार असे. पुरुषांना त्यांचा स्वतःचा काळा कोट, तिसरं बटण तुटलेला. बायकांना त्यांच्या बायकोचं हिरवं इरकल लुगडं, लाल काठाचं. "समदा तालुका माझाच कोट घालून वर गेलाय," म्हणायचे आणि खोकला येईपर्यंत हसायचे.

पंधराएक वर्षांत माझ्याकडे अप्पांची बावीस चित्रं जमली. वरकुट्याचे कैलासवासी गेणबा एका गोठ्याच्या खिडकीला, पाऊस अडवायला ठोकलेले सापडले. जयवंताबाई खुराड्याचं झाकण झाल्या होत्या. मी त्यांना कापसाने पुसलं, उडालेले रंग भरले. बाबूलाल फ्रेमवाल्याने चौकटी केल्या आणि हॉलच्या दक्षिण भिंतीवर तीन ओळींत लावून दिल्या. वर सात, मध्ये आठ, खाली सात. चौकटीला चौकट भिडवून. माझे यजमान गेल्यावर मुलीने, राजेश्वरीने, लासुर्ण्याला ये म्हणून पुष्कळ आग्रह केला. पण सकाळचा चहा घेताना त्या चेहऱ्यांवरचं ऊन सरकताना बघायची मला सवय झाली होती. मी गेले नाही.

गेल्या सर्वपित्रीला यजमानांसाठी स्वयंपाक केला. खीर, वडे, कढी, गवार-भोपळ्याची भाजी. पान वाढताना भिंतीकडे लक्ष गेलं. यांना कोण वाढत असेल? ज्यांनी खुराड्यावर टाकलं ते? मी पितरांचं पान गच्चीवर कावळ्याला न ठेवता भिंतीखाली ठेवलं. "सगळ्यांनी जेवा," म्हटलं. एकटीच होते, म्हणून माझंही ताट घेतलं आणि मांडी घालून तिथेच, त्यांच्या ओळीत बसले. घरच्यांनी मागून जेवायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

चार घास झाले असतील, तोच फोन वाजला. राजेश्वरीची मुलगी प्रतीक्षा होती.

"आज्जी, तू पणजी होणार!"

मी उष्ट्या हाताने उठले. बोलता बोलता अंगणात गेले, शेजारणीला हाका मारून सांगितलं. परत आले तेव्हा ताटावर मुंग्या होत्या. मी दोन्ही ताटं आवरली.

दिवाळीच्या साफसफाईत पहिल्यांदा दिसलं. मधल्या ओळीतली शेवटची चौकट विजेच्या बटणांवर चढली होती. मी मागे सरून पाहिलं. गेणबा आणि जयवंताबाई यांच्यामध्ये जागा झाली होती. टेप लावली. पंधरा इंच. अप्पांची सगळी चित्रं एका मापाची. पंधरा बाय एकोणीस.

बाबूलालला बोलावलं. त्याने एकेका चौकटीमागे बोट घालून पाहिलं.

"बाई, म्या बोटभर फट ठिवली नव्हती हितं."

"मग?"

"खिळं बी संगं सरकल्यात. जुनी भोकं दिसंनात." त्याने भिंतीवरून अंगठा फिरवला. "अजून कुणाची तसबीर आणताय का?"

"नाही."

"मंग ही अशी सरकून का बसल्यात?"

तो हसला, मीही हसले. मला उगाच सर्वपित्रीची गोष्ट आठवली आणि मी ती त्याला सांगितली. ऐकता ऐकता त्याचं हसू गेलं.

"काढून टाक सगळी," मी म्हटलं. "तुझ्या दुकानात ठेव."

"न्हाय बाई. बाकी काय बी सांगा. जेवत्या माणसाला पानावरनं उठवत न्हायत. तुमच्यात बी न्हाय, आमच्यात बी न्हाय." त्याने हातोडी पिशवीत घातली. "तुमी तेवढ्या अर्ध्या ताटावरनं उठायला नको व्हतं."

त्यानंतरच्या आठवड्यात मी भाजीला निघाले आणि फाटकाशी पायाला मुंग्या आल्या. मांडी घालून फार वेळ बसल्यावर येतात तशा. घोट्यापासून खाली पाय आहेत की नाहीत कळेना. कडीला धरून उभी राहिले, मग भिंत धरत घरात आले. हॉलमध्ये पाऊल ठेवलं आणि पाय मोकळे झाले.

डॉक्टर घरी येऊन गेले. रक्त तपासलं, साखर ठीक. वय झालं म्हणाले. शहात्तर म्हणजे वय आहेच. भाजी, दूध, औषधं घरपोच येऊ लागली. माघात प्रतीक्षाचं डोहाळजेवण झालं. मी फाटकापर्यंत तीनदा जाऊन परत आले.

मग मी तोच स्वयंपाक पुन्हा केला. दोन पानं वाढली, भिंतीखाली बसले, ताटातलं शेवटचं शीतसुद्धा टिपलं. हात जोडून म्हटलं, "झालं माझं. आता उठू या सगळ्यांनी." दुपारचे बारा वाजून गेले होते. बाहेर उसाची ट्रॉली जात होती, तिचा आवाज लांब जाईपर्यंत मी वाट पाहिली. मग उठायला गेले, तर मला उठता येईना. तासाभराने उठता आलं. दोन्ही बाजूंच्या चौकटी आणखी बोटभर सरकल्या होत्या. माणूस ऐसपैस बसेल इतक्या.

वैशाखात प्रतीक्षाला मुलगी झाली. बारसं लासुर्ण्याला, तिच्या माहेरीच. आमच्यात बाळ आधी पणजीच्या मांडीवर देतात आणि मग पाळण्यात घालतात. आमच्या तीन पिढ्यांत पणजी कुणाला लाभली नव्हती. मला दुसरं काही नको होतं. ते बाळ एकदा मांडीवर हवं होतं.

जावई, रणजितराव, सकाळीच गाडी घेऊन आले. मी राखाडी रेशमी साडी नेसून तयार होते. फाटकाशी नेहमीसारखे पाय गेले.

"काही बोलू नका, मी उचलतो," ते म्हणाले, आणि खरोखरच मला लेकरासारखं उचलून त्यांनी गाडीत बसवलं.

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली. गुडघे गेले. कंबर गेली.

मी त्यांना सांगणार होते, पण श्वास छातीशी येऊन थांबला. आरशात त्यांनी माझं तोंड पाहिलं असावं. करकचून ब्रेक लागला.

"दवाखान्यात नेतो!"

मी घराकडे बोट केलं.

हॉलमधल्या खुर्चीवर टेकवताच श्वास आला. पाच मिनिटांत मी पाणी मागून प्याले. रणजितराव घाम पुसत माझ्याकडे आणि मग भिंतीकडे पाहत राहिले.

"ही मधली जागा कशाला सोडलीय, आई?"

"तुम्ही जा. बारा वाजता पाळणा आहे. तिथे तुमच्यावाचून खोळंबा होईल."

"आणि तुम्ही?"

"मी इथे बरी आहे."

शेजारणीला माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगून ते गेले. खुर्ची त्या मोकळ्या जागेशीच भिंतीला टेकून होती. दुसरीकडे बसावं असं मनात आलं, पण पाय उचलले नाहीत. डोक्याच्या मागे भिंतीचा गारवा लागत होता. अप्पांच्या दुकानातला टर्पेंटाइनचा वास आला, आणि त्यात त्यांच्या तंबाखूचा.

बारा वाजता फोन वाजला. चष्मा टेबलावर राहिला होता, हात पुरेना. अंदाजाने हिरवं बटण सरकवलं आणि फोन समोर धरला. बायकांचा गलका, पाळण्याच्या घुंगरांचा आवाज. पडद्यावर गुलाबी धुकं हललं. ते बाळ असणार.

"आज्जी, ही बघ संस्कृती! दिसतेय का?"

"दिसतेय गं," मी म्हटलं. ओठ जेमतेम हलले.

"रडू नकोस हां. आम्ही येतो ना तिला घेऊन." प्रतीक्षा थांबली. मग हसली. "अगं, आणि हे हिरवं लुगडं कधी घेतलंस? लाल काठ काय खुलून दिसतोय!"

मी मान खाली घालून माझ्या साडीकडे पाहायला गेले. मान खाली जाईना.

"आज्जी? हल की जरा. फोटोसारखी काय बसलीयस?"