वाटून घेतलेली भीती

मिरजेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना हातात धरलेला असतानाच ओवीला वाटलं, आपल्याला सगळे सोडून जाणार. तिने नमुना खाली ठेवला. ही भीती आपली नाही, हे तिला नेहमीप्रमाणे कळलं. त्याने ती कमी झाली नाही. तिने धाकट्या बहिणीला, शाल्मलीला, फोन लावला.

"काय झालं?"

"काही नाही गं ताई. मैत्रीण सकाळपासून उत्तर देत नाहीये. तुला खूप आलं का?"

"चालतंय. जेवलीस का तू?"

शाल्मलीला सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार होता. ताण सगळ्यांनाच येतो. मेंदू भावना उसळू देतो आणि थोड्या वेळाने ती आवरतो. शाल्मलीची भावना चटकन उसळे, फार वर चढे आणि उतरायला दिवस घेई. कोणी दुरावतंय अशी नुसती शंकाही पुरे. त्या लाटेत तिने दोनदा स्वतःचा जीव धोक्यात घातला होता.

'सहवाह' आल्यावर ते थांबलं. कानामागे बसवलेली चकती उसळीचा मोठा हिस्सा दुसऱ्या माणसाच्या मेंदूकडे पाठवते. तो मेंदू ती उसळ आवरतो आणि त्याची शांत लय रुग्णाकडे परत येते. या दुसऱ्या माणसाला वाहक म्हणतात. शाल्मलीची वाहक ओवी होती. या सगळ्या वर्षांत शाल्मली शिकली, नोकरीला लागली. ओवीचं लग्न मोडलं.

"माझं स्वतःचं रडू कुठलं, तेच मला कळत नाही आता," ती सहवाह बसवणाऱ्या डॉ. रेहाना जमादारांना म्हणाली. "मला सोडवा."

"सोडवते. पण तिला तुम्ही समोर बसून सांगायचं, सहवाह चालू असताना. नाहीतर तो धक्का तिला एकटीला सोसावा लागेल."

"म्हणजे मी तिला सोडणार, आणि सोडल्याची भीती मलाच येणार?"

"हो."

"भारीच आहे तुमचं, डॉक्टर."

दवाखान्यात ओवीने पाठ केलेली वाक्यं सांगितली. शाल्मलीचा चेहरा पांढरा पडला. मग ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. सोड तू हे, ताई. मी बघते माझं."

पण ओवीने तिचं मनगट धरलं होतं. "असं कसं म्हणतेस? नको आहे का मी तुला? खरं सांग."

"अगं, तूच जातेयस ना?"

"मी कुठे गेले? तूच ढकलतेयस."

हे शब्द शाल्मलीच्या ओळखीचे होते. पूर्वी ती हेच म्हणायची.

डॉ. जमादारांनी सहवाह बंद केला. उसळ आता जिची तिच्याकडे परतायला हवी होती. ती परतली, शाल्मलीचे दात वाजू लागले, तिने खुर्ची घट्ट धरली. तरीही ओवीची पकड सुटली नाही. तिच्या श्वासाला लय नव्हती.

"डॉक्टर, बंद केलंत ना?" शाल्मलीने विचारलं.

"केलं." डॉक्टर यंत्राच्या पडद्याकडे बघत होत्या. "मेंदू वापराने घडतो. इतकी वर्षं तुझी भीती ज्या वाटेने गेली, ती वाट यांच्या मेंदूत पक्की झाली असावी. आता ही भीती यांची स्वतःची आहे."

"उतरेल?"

"माहीत नाही. एवढी वर्षं कोणी वाहक राहिलेलं नाही."

ओवी जमिनीवर बसली होती. बहिणीच्या गुडघ्यांना मिठी मारून ती पुन्हा पुन्हा माफी मागत होती, कशाची ते तिलाही सांगता आलं नसतं. शाल्मलीने तिच्या पाठीवर थोपटलं. खूप वेळ.

"मग उलटं लावा," ती म्हणाली. "मी होईन हिची वाहक."

"वेडी आहेस का? तुझंच तुला झेपत नाहीये. त्यात हिचं?"

"मला या दुखण्याची सवय आहे, डॉक्टर. ताईला नाही."

डॉ. जमादारांनी ओवीकडे पाहिलं. नकार देण्याचा हक्क तिचाच होता. धाकट्या बहिणीला वाचवायला जी स्वतः वाहक झाली होती, ती हे कबूल करणार नाही अशी त्यांची खात्री होती.

ओवीने मान वर केली.

"लगेच लावा," ती म्हणाली.