पाण्याकडून आलेली हाक

लिहून सांगते, कारण आता दुसरा मार्ग नाही.

यंदाच्या दुष्काळात संभाजीनगरात नव्या वसाहती वाढतच होत्या आणि आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं. बाबा धरणावर पंप चालवायचे. पाणी आटेल तसा पंपाचा तराफा पुढं सरकवायचे. मेमधल्या एका रविवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले.

भर दुपार. काठावर एकही पक्षी नव्हता. भेगाळलेल्या गाळाला भिजलेल्या गोणपाटासारखा वास येत होता. बाबा खाली, गुडघाभर पाण्यात, पंपाच्या जाळीतला गाळ काढत होते.

मोटारीच्या धडधडाटात काही ऐकू येईना. त्यांच्यासोबत काम करणारे पुंजारामकाका माझ्या कानाशी येऊन ओरडले, "आली व्हय आमची मुकी? मार की एक हाक बापाला!"

मी मान खाली घातली. मला मोठ्यानं बोलताच येत नव्हतं.

तेवढ्यात पाणी मागं गेलं. अजिबात आवाज न करता, कुणी चादर ओढून घ्यावी तसं. बाबांचे पाय उघडे पडले. भूगोलात वाचलेलं मला आठवलं. समुद्राच्या तळाशी दरड कोसळली की भूकंप नसतानाही लाट येते, आणि कधी कधी आधी किनारा कोरडा पडतो. इथं पाण्याखाली गाळाचा कडा सुटला असावा. बाबा मात्र वाकून जाळीच बघत होते.

मी तोंड उघडलं... आवाज फुटेना.

"बाबाऽ! वर या!"

हाक स्पष्ट आली. माझ्याच आवाजात. बाबांनी दचकून मागं, पाण्याकडं पाहिलं आणि ते काठाकडं पळत सुटले. पाठोपाठ पुरुषभर लाट आली. तराफा उलटला, मोटार बंद पडली.

"लई मोठ्यानं वरडलीस गं पोरी," काका म्हणाले.

बाबा धापा टाकत माझ्याकडं बघत राहिले. "पण... हाक तर तिकडून आली."

त्या दिवसापासून माझा आवाज गेला. घशात काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणतात.

पंप पुन्हा सुरू झालाय. काल आठवा दिवस, नळाला पाणी यायचा. मी खोलीत एकटीच वही काढून बसले होते. नळावर हंडा भरणारी आई ओल्या हातांनीच आत धावली. तिचे डोळे भरून आले होते.

"बोललीस ना गं आत्ता? 'आई, खाली ये' म्हणालीस... कुठं खाली?"

आमचं घर एकाच मजल्याचं आहे.