वेशीचा अडणा

ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर चकलांब्याच्या बाजूला येऊन विचारा. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. आमची भावकी अजून तिथं आहे, आणि भावकीपेक्षा भूत परवडलं.

निजामाचा अंमल होता. मार्गशीर्षातली अमावस्या. दिवेलागणीची वेळ.

गावकूस कधीच ढासळलं होतं. दगडी वेस तेवढी उभी होती. दोन्ही अंगांना पहाऱ्याच्या देवड्या, वर नगारखाना. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ बंकटराव यांनी तहसिलीत लोटांगणं घालून ती राहायला मिळवली. गावाकडची कमान विटांनी बुजवली, देवडीत चूल मांडली. बाहेरच्या कमानीचं जुनं दार तसंच ठेवलं.

आमचे सिदू पणजोबा हेव्यानं जळून कोळसा झाले.

"दादा, वेस तुला. मग मला काय?"

"तुला काय बे? अडणा ने!"

थट्टाच होती. पणजोबांनी खरंच नेला.

दाराआड सरकवायचा तो सागवानी अडणा. म्हाळू वेसकर होता तोवर त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. अंधारल्यावर कुणीही येवो, आधी आतून विचारणा, मग दार. म्हाळू मेला, वेस ओस पडली, अडणा राहिला.

पणजोबांच्या दाराला तो लांब झाला. तरी बसवला. हौस!

त्या अमावस्येला पणजी रुक्मिणीबाई पाणी घेऊन आली, तर दार आतून बंद.

घरात कुणीच नव्हतं.

पणजोबा तिच्या मागंच उभे होते.

आत लाकूड सरकलं... खर्रर्र...

"कोन हाय? कुठल्या गावचं?"

"ह्याच घरची हाय," पणजी कशीबशी म्हणाली.

दार उघडलं. आत माणूस नाही.

पणजोबा घाबरले असतील, पण आधी गावभर मिरवले. "आमच्या दारात पहारा हाय!"

आता जळायची पाळी बंकटरावांची.

"वेस माझी, अन् वेसकर तुझ्या दारात कावून?"

"न्या भावजी, लई बरं होईल," पणजी म्हणाली.

त्यांनी अडणा नेला. बायको दगडाबाई माहेरी होती. घरात ते एकटे.

सकाळी वेशीचं दार उघडलं नाही. हाका मारल्या. शेवटी मागच्या विटा फोडून लोक आत शिरले.

अडणा आतून लावलेला. ताटात अर्धी भाकर.

बंकटराव... नव्हते.

दगडाबाई परतलीच नाही. पणजोबांनी विटा पुन्हा लावून घेतल्या, आणि वेस अखेर त्यांची झाली. दिवेलागणीला बिऱ्हाड घेऊन ते दारात आले.

दार बंद.

"कोन हाय? कुठल्या गावचा?"

आवाज म्हाळूचा नव्हता.

"दादा... मी सिदू."



मग... आतून अडणा आणखी घट्ट सरकला.

वेस आजही आमच्या नावावर आहे. आमच्यातलं कुणी तिथं राहिलं नाही. भावकीला मात्र ते बघवत नाही. परवा एकानं निरोप धाडला, वेस ठेवा तुम्हाला, निदान अडणा तरी द्या.

मी अजून उत्तर दिलेलं नाही...